नवले पुलावर दर अपघातानंतर तीच चर्चा. पण उत्तर द्यायचं कुणी?

भोर, वेल्हे, हवेलीकडून मोटारसायकलवर पुण्याला निघालेल्या पोराला घरातली माणसं हल्ली एकच सांगून पाठवतात, 'नवले पुलापाशी जपून.' कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की उतार लागतो. दरी पूल, स्वामीनारायण मंदिर, नऱ्ह्याचा सेल्फी पॉइंट आणि मग नवले पूल. मागून येणारा ट्रेलर ताब्यात आहे की नाही हे त्याच्या ड्रायव्हरलाही कधी कधी शेवटच्या क्षणी कळतं. पुढच्या दुचाकीवाल्याला तर कळतच नाही.

१३ नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी साताऱ्याकडून आलेला एक कंटेनर इथेच बेफाम सुटला. वाटेतल्या गाड्या उडवत गेला, एक कार दोन अवजड वाहनांच्या मध्ये चेपली, आग लागली. आठ जण गेले. त्याआधी २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर सुटलेल्या वाहनाने एकामागून एक गाड्या ठोकल्या होत्या; तेव्हा ४८ गाड्यांचं नुकसान झाल्याचं सांगण्यात आलं. एप्रिल २०२३ मध्ये स्वामीनारायण मंदिराजवळ ट्रकने खासगी बसला मागून धडक दिली, त्यात चौघे गेले. मधले लहान अपघात तर कुणाच्या लक्षातही राहत नाहीत.

प्रत्येक अपघातानंतर नऱ्हे, आंबेगाव, धायरी, वडगाव या भागात तीच चर्चा पेटते. एक बाजू म्हणते, रस्ताच चुकीचा बांधलाय, उतार काढा, उन्नत मार्ग करा. दुसरी बाजू म्हणते, रस्त्याचं काय घेऊन बसलात, ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करतात, त्यांना धरा. तिसरा कुणीतरी अतिक्रमणावर येतो, चौथा सेवा रस्त्यावर. चारही जण थोडे थोडे बरोबर असतात. पण एवढ्या बैठका, पाहण्या, आंदोलनं होऊनही या उतारासाठी जबाबदार अशी एक खुर्ची कुणाला बोटाने दाखवता येत नाही. माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे.

न्यूट्रलचं गणित

आधी ड्रायव्हरचं बघू. घाटातला जुना नियम ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाही माहीत असतो : ज्या गिअरमध्ये गाडी चढते, त्याच गिअरमध्ये उतरवायची. गिअरमध्ये असताना इंजिनच गाडी धरून ठेवतं, ब्रेकला थोडंच काम उरतं. न्यूट्रल केली की ते सगळं ओझं ब्रेकवर येतं. सतत दाबून ब्रेक तापतात आणि तापले की धरत नाहीत. पुढे पायाखाली पेडल असतं, पण गाडी थांबत नाही. त्यात माल क्षमतेपेक्षा जास्त असेल तर विचारायलाच नको.

आता हे ड्रायव्हरला कळत नाही का? कळतं. पण अनेक ठिकाणी मालक डिझेल हिशोबाने मोजून देतो. वाचलं तर ड्रायव्हरचं, कमी पडलं तर त्याच्याच पगारातून. लांबचा उतार दिसला की हात आपोआप गिअरवर जातो. म्हणून नुसतं 'ड्रायव्हर बेजबाबदार' म्हणून फाईल बंद करणं सोपं आहे, पुरेसं नाही.

नोव्हेंबरच्या अपघातानंतर या टप्प्यावरची वेगमर्यादा ताशी ६० वरून ३० किलोमीटरवर आणण्याचा निर्णय झाला. हेतू चांगला आहे. पण ज्या ट्रकचे ब्रेक आधीच गेलेत, तो काही पाटी वाचून हळू होणार नाही. कॅमेऱ्याला वेग दिसतो, तापलेला ब्रेक दिसत नाही. चलन बसतं ते बहुतेक वेळा साध्या कारवाल्याला, आणि मग लोकांचा राग भलतीकडेच जातो. गाडी तपासायची असेल तर ती उतार सुरू होण्याआधी तपासली पाहिजे. वरच्या बाजूला सगळ्या अवजड वाहनांना सक्तीचा थांबा, ब्रेक आणि वजन पाहणं, आणि उतारावर बाजूला खडी-वाळूचा चढ, म्हणजे ब्रेक गेलेली गाडी त्यात घालून रुतवता येईल. घाटरस्त्यांवर अशी सोय जगभर करतात.

बोगद्याच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरे

इथे खरा गुंता सुरू होतो. महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, म्हणजे केंद्राचा. त्याला लागून झालेली वस्ती, गल्ल्या, चौक महापालिकेचे. सेवा रस्ता रुंद करायचा तर जागा मिळवण्यात महापालिका हवी आणि बांधायला प्राधिकरण. वाहतूक पुणे शहर पोलिसांची. गाडीचं फिटनेस आणि लायसन्स आरटीओचं. आणि तपासणी जिथे व्हायला हवी तो खेड-शिवापूरचा भाग पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत. म्हणजे गाडी अडवायची आपल्या बाजूला, आणि न अडवल्यामुळे माणसं मरणार बोगद्यापलीकडे शहरात. अपघात झाला की आकडा शहराच्या खात्यात पडतो. ग्रामीणच्या कागदावर काहीच दिसत नाही.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आलं. रस्त्याचं डिझाइन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या निकषाप्रमाणे केली नाही आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. एका जिवापुढे एक लाख ही रक्कम काय आहे हे सांगायला नको. पण तोही बसवायचा तर आधी 'जबाबदार कोण' हे ठरावं लागतं, आणि पाच कार्यालयं असली की तेच ठरत नाही.

गाव गेलं, सरपंच गेला

या भागातल्या लोकांचा राग समजून घ्यायचा असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. नऱ्हे, धायरी, आंबेगाव ही परवापरवापर्यंत गावं होती. २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यात धायरी, आंबेगाव खुर्द, आंबेगाव बुद्रुक होती. जून २०२१ च्या शेवटी आणखी २३ गावं घेतली, त्यात नऱ्हे गेलं. ग्रामपंचायत बरखास्त. मग मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या नगरसेवकांचीच मुदत संपली आणि प्रशासक बसले. निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ ला.

हिशोब करा. नऱ्ह्याच्या माणसाकडे २०२१ पर्यंत सरपंच होता, ज्याच्या दारात सकाळी सातला जाऊन भांडता येत होतं. त्यानंतर साडेचार वर्षं त्याने मत देऊन निवडलेला नगरसेवकच नव्हता. आठ माणसं गेली त्या संध्याकाळीही नव्हता. कर मात्र महापालिकेचा. तक्रार घेऊन जायचं कुठे, तर क्षेत्रीय कार्यालयात, जिथला साहेब बदलून येतो आणि बदलून जातो. राज्यघटना सांगते की पाच वर्षांची मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. आपल्याकडे चार वर्षं उशिरा झाली, आणि फक्त पुण्यात नाही. जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांवरही मार्च २०२२ मध्ये प्रशासक आलेच की.

आता महापालिकेत १६५ नगरसेवक निवडून आलेत. त्यांना महामार्गावर एक दगडही हलवता येणार नाही, हे खरं. पण सेवा रस्त्याच्या जागेसाठी पैसे मंजूर करणं, महामार्गाला मिळणाऱ्या बेकायदा वाटा बंद करणं, पादचाऱ्यांना ओलांडायला जागा देणं, एवढं तर सभागृहाच्या हातात आहे. मतं मागताना नवले पुलाचं नाव घेणाऱ्यांनी पहिल्या अंदाजपत्रकात त्यासाठी किती रक्कम ठेवली, हे या भागातल्या मतदारांनी बघायला हवं. क्षेत्रसभा घेण्याची तरतूद महापालिकांच्या कायद्यात २००९ पासून आहे. ग्रामसभेसारखीच, वॉर्डातल्या लोकांची. ती प्रत्यक्षात भरलेली पाहिलेला माणूस शोधून आणावा लागेल.

साहेब अडकले की रस्ता हलतो

याच महामार्गावर थोडं पुढे चांदणी चौक आहे. तिथलं काम कित्येक वर्षं रेंगाळलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचा ताफा तिथे थांबला आणि लोकांनी त्यांना गाठून कोंडीची तक्रार केली. पुढच्या महिन्याभरात हालचाली झाल्या, २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री स्फोटकं लावून जुना पूल पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या पुलाचं उद्घाटन झालं. काम आधीपासून मंजूर होतं, हे मान्य. पण इच्छा असेल तर प्राधिकरण, महापालिका, पोलीस हे सगळे एका टेबलावर बसू शकतात, हे तिथे दिसलं. नवले पुलावर कुणाचा ताफा अडकायची वाट बघायची आहे का?

लोकांनी रेटा लावला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच बाजूचं आहे. खेड-शिवापूरचा टोलनाका हटवा म्हणून सगळ्या पक्षांची, गावांची माणसं २०२० च्या सुरुवातीला रस्त्यावर उतरली. नाका हटला नाही, पण एमएच-१२ आणि एमएच-१४ च्या गाड्यांना सवलत मिळाली. खिशाचा प्रश्न होता म्हणून भोर, हवेली, पुरंदर एक झाले. त्याच नाक्यावर अवजड गाड्यांचे ब्रेक आणि वजन रोज तपासा, अशी मागणी तेवढ्या ताकदीने अजून झालेली नाही.

आपल्या शिवारात काय येतंय

उपाय म्हणून दोन मोठी कामं सांगितली जातात. एक, जांभूळवाडी ते रावेत उन्नत मार्ग. दुसरं, पुण्याचा रिंग रोड. बाहेरगावची अवजड वाहतूक शहरात शिरायच्या आधीच वळवायची, अशी कल्पना आहे आणि ती योग्यच आहे. पण रिंग रोडचा पश्चिम भाग मावळातल्या उर्से इथून निघून भोर तालुक्यातल्या वर्वे बुद्रुकला येऊन मिळतो. मधे मुळशी, हवेली. शहराचा भार कमी करायला जमीन ग्रामीण भागाची गेली.

जमीन गेली ती गेली. पुढचा धोका कुणी बोलत नाही. जिथे मोठा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे ट्रक थांबतात, ढाबे लागतात, पंक्चरवाले येतात, प्लॉटिंगच्या पाट्या उभ्या राहतात आणि दहा वर्षांत तिथे दुसरं नऱ्हे तयार होतं. शाळेची पोरं आणि दुधाचे कॅन घेतलेले दुचाकीवाले त्याच जोडावरून रस्ता ओलांडतात. नऱ्ह्यात आधी वस्ती वाढू दिली आणि सेवा रस्त्याचा विचार मागाहून झाला. वर्व्यात आणि आसपासच्या गावांत ग्रामपंचायत अजून जागेवर आहे, ठराव करण्याचा अधिकार अजून आहे.

मग १ मेच्या ग्रामसभेत विचारायला काय हरकत आहे? जोड नेमका कुठल्या गटात येतो, भुयारी मार्ग किती आणि केवढे उंच, ऊस भरलेली ट्रॉली त्यातून जाईल का, पावसाळ्यात पाणी कुठे जाणार, गावच्या रस्त्यासाठी सेवा रस्ता आहे की नाही. उत्तर नसेल तर ठराव करून तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवता येतो. त्या समितीत पोलीस, आरटीओ, बांधकाम खातं आणि महामार्गवाले एकत्र बसतात. तोंडी तक्रार तिथपर्यंत पोचत नाही. आवक-जावक क्रमांकाचा कागद पोचतो, आणि नंतर माहितीच्या अधिकारात त्याचं काय झालं हेही विचारता येतं.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यातले सुमारे ६८ टक्के मृत्यू ग्रामीण भागातले, आणि शंभरातले ४४-४५ दुचाकीवरचे. शहरातला अपघात बातमीत जास्त दिसतो एवढंच.

आणि जाता जाता कामाचं. राष्ट्रीय महामार्गावर अपघात झाला तर १०३३ हा प्राधिकरणाचा नंबर, रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. मे २०२५ पासून केंद्राची योजना लागू आहे : अपघातग्रस्ताला नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता मिळू शकतात. अनोळखी गाडी उडवून पळाली तर मृताच्या वारसाला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार अशी भरपाई एप्रिल २०२२ पासून आहे. जखमीला उचलून नेलं म्हणून पोलीस चौकशीत अडकवतात ही भीती अजून गावोगाव आहे. कायद्याने मदत करणाऱ्याला नाव सांगायची सक्तीही करता येत नाही.

खेड-शिवापूर ते वर्वे हा पट्टा आपण रोज बघतो. इथे आताच कुठे कुठे दुभाजक फोडून वाटा केल्यात, ते ज्याचं त्याला माहीत आहे. ग्रामसभेला मे महिना उजाडायचा आहे, पण ठरावाचा मसुदा ग्रामसेवकाकडे आजही देता येतो.