शेजारच्या गावात काय झालं?

अप्रेझलची मीटिंग. तुम्ही झोकात सांगता, ‘सर, माझ्या एरियात सेल दुप्पट झाला!’ बॉस चहाचा घोट घेत विचारतो, ‘आणि शेजारच्या एरियात?’ तिथेही दुप्पटच. झालं, इन्क्रिमेंटची हवा गुल!

हाच खडूस प्रश्न गडचिरोलीत जीवनमरणाचा होता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९३ ते ९५ या काळात मोजलं, तेव्हा ३९ गावांत दर हजार बाळांमागे ६२ बाळं पहिल्या २८ दिवसांतच जात होती. मग गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केलं. त्या घरोघर जायच्या, बाळाचं वजन करायच्या, त्याला ऊब कशी द्यायची ते आईला दाखवायच्या, जंतुसंसर्ग ओळखून अँटिबायोटिक द्यायच्या. १९९७-९८मध्ये आकडा साडेपंचवीसवर आला.

टाळ्या? जरा थांबा. त्या वर्षी पीकपाणी चांगलं झालं असेल, साथ आली नसेल... म्हणूनच त्याच भागातली आणखी ४७ गावं सुरुवातीपासून मोजली जात होती. तिथे फक्त नेहमीच्या सेवा. तिथला आकडा साठीच्या आसपासच अडून राहिला.

तरी शंका उरतेच. हा नशिबाचा खेळ तर नाही? इथे संख्याशास्त्र कामाला येतं. उपचाराने काहीच फरक पडत नसता, तर एवढी तफावत निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी होती.

कधीकधी किती जगले एवढंच नाही, किती दिवस जगले हेही बघावं लागतं. समजा, बाळंतपणाला माहेरी आलेली लेक बारशानंतर सासरी परतली. बाळ आता नजरेआड. त्याला मेलेलं धरायचं की जगलेलं? कॅप्लन आणि मायर यांनी १९५८मध्ये दिलेली पद्धत सांगते, दोन्ही नाही. जितके दिवस पाहिलं तितके दिवस हिशेबात घ्या. मग दोन गटांचे असे आलेख शेजारी ठेवून ‘लॉग-रँक’ चाचणीने ताडून बघतात.

गडचिरोलीचे निष्कर्ष १९९९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. २०११पासून देशभर आशाताई नवजात बाळाच्या घरी जाऊ लागल्या, त्यामागे हा हिशेब आहे.

कौतुक ३९ गावांचं होतं. पण त्यांच्या यशाची साक्ष दिली ती उरलेल्या ४७ गावांनी. तिथल्या न घटलेल्या आकड्यातही बाळंच होती. तेव्हा कुणी ‘आमच्यामुळे इतके वाचले’ म्हणालं, की बॉसचा प्रश्न विचारा. त्याच्यावरचा राग नंतर काढू!