स्वतंत्र विक्रेत्यांचे भवितव्य

उद्योगांना लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाजारात एकाच कामात मुरलेल्या स्वतंत्र कंपन्यांना 2007 हे वर्ष फार जड गेले. मार्चमध्ये ओरॅकलने हायपेरियन, ऑक्टोबरमध्ये सॅपने बिझनेस ऑब्जेक्ट्स आणि नोव्हेंबरमध्ये आयबीएमने कॉग्नॉस विकत घेत असल्याचे जाहीर केले.

यांत हायपेरियनचा सौदा सर्वांत बोलका. मोठ्या समूहात महिनाअखेरीला प्रत्येक उपकंपनीची तेरीज येते. चलन वेगळे, खात्यांची नावे वेगळी. आपसातले व्यवहार वजा करून साऱ्या समूहाचा एक ताळेबंद काढणे हे हायपेरियनचे काम. मूळ हिशेब कोणाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत याच्याशी तिला कर्तव्य नसे. सॅपचे कितीतरी ग्राहकही ती वापरत. ओरॅकलने सुमारे 330 कोटी डॉलर मोजले आणि त्या ग्राहकांचा ताळेबंद सॅपच्या प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला. स्वतंत्र विक्रेत्याचे खरे मोल या तटस्थपणात आहे. विक्रीनंतर सर्वांत आधी तोच जातो.

विकले न जाताही कोंडी होते. मायक्रोसॉफ्टने 2017 मध्ये टीम्स हे कार्यालयीन संवादाचे साधन ऑफिसच्या सबस्क्रिप्शनमध्येच दिले. वेगळे बिल नसलेल्या वस्तूपुढे स्लॅक या स्वतंत्र स्पर्धकाचे बिल खरेदी विभागाला पटवणे अवघड झाले. जुलै 2020 मध्ये स्लॅकने युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने मायक्रोसॉफ्टची हमी स्वीकारली सप्टेंबर 2025 मध्ये. स्लॅक 2021 मध्येच सेल्सफोर्सकडे गेली होती. कायद्याच्या भरवशावर टिकता येत नाही, ते असे.

तरीही नवे स्वतंत्र विक्रेते येतच राहतात. दीड वर्षाच्या झुंजीनंतर जानेवारी 2005 मध्ये मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरसाठी ओळखली जाणारी पीपलसॉफ्ट ओरॅकलकडे गेली, आणि त्याच वर्षी तिचे संस्थापक डेव्ह डफिल्ड यांनी अनिल भुसरी यांच्यासह वर्कडे सुरू केली. मनुष्यबळाचे काम त्यांनी क्लाउडसाठी मुळापासून लिहिले. जुन्या कंपन्यांचे पाय लायसन्सच्या उत्पन्नात अडकले होते. पाया बदलतो तेव्हा अशी फट पडते. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे आज ती पुन्हा पडते आहे. मोठ्या पॅकेजमध्ये उद्या सहज सामावेल एवढेच ज्यांच्याकडे आहे, त्यांना ती फार काळ पुरणार नाही. अनेक विक्रेत्यांच्या प्रणालींतला डेटा जुळवणाऱ्यांची गरज मात्र राहील.

ग्राहकाने स्वतंत्र विक्रेता जरूर निवडावा, पण मालकी बदलेल हे धरूनच करार करावा. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर 2023 मध्ये व्हीएमवेअर घेतली आणि डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद केली. नूतनीकरणाच्या दरवाढीला मर्यादा, ठरावीक वर्षांचा सपोर्ट आणि सगळा डेटा खुल्या स्वरूपात परत मिळण्याचा हक्क ही कलमे पहिल्या सहीच्या वेळीच पदरात पाडून घेता येतात.