रुमालांत बांधलेली पुडी

अंबरनाथचें शिवमंदिर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना तेथील गाभाऱ्याची एक गोष्ट सहसा विसरतां येत नाहीं. इतर बहुतेक देवळांत देवाकडे जावयाचें म्हणजे पायऱ्या चढावयाच्या. येथें सभामंडपांतून सुमारें वीस पायऱ्या खालीं उतरावें, तेव्हां पिंडीचें दर्शन घडतें. या मंदिरांत शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख सांपडला असून शिलाहार राजा मुम्मुणि याच्या कारकीर्दींत तें पूर्ण झालें, असें इतिहाससंशोधक मानतात. वालधुनी नदीच्या कांठीं नऊ शतकांहून अधिक काळ उभ्या असलेल्या या देवळांत श्रावणी सोमवारीं किती वृद्ध पावलें भिंतीचा आधार घेत त्या पायऱ्या उतरतात, याची गणती नाहीं. या वडीलधाऱ्या माणसांचा सकाळचा हा नेम निर्धास्तपणें चालावा, एवढाच या महिन्याच्या लेखाचा हेतु आहे.

कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या गांवांतील वर्तमानपत्रें चाळणाऱ्यांना एक प्रकारची बातमी आतां पाठ झाली असेल. वृद्ध स्त्री देवदर्शनाला किंवा बाजारांत निघालेली. वाटेंत दोन सभ्य दिसणारे इसम भेटतात. आणि घटकाभरानें तिच्या अंगावरचे दागिने नाहींसे झालेले असतात. पोलिसांच्या आणि बातमीदारांच्या बोलींत अशा भामट्यांना ‘बोलबच्चन’ असें नांव पडलें आहे. नांव चेष्टेचें असलें तरी नेमकें आहे. या माणसांच्या हातांत सुरी नसते, कीं पिस्तूल नसतें. असते ती केवळ वाणी. आणि त्या वाणीचा पहिला शब्द बहुधा ‘मावशी’ किंवा ‘आजी’ असा नात्याचा असतो.

त्यांच्या युक्त्या फार नाहींत. मुख्य तीन सांगतां येतील. पहिली दानाची. “शेटजींना पुष्कळ वर्षांनीं मुलगा झाला आहे, ते गरिबांना साड्या आणि पैसे वाटीत आहेत. पण तुमच्या अंगावर सोनें दिसलें तर तुम्हांला गरीब कोण म्हणेल? तेवढें काढून पिशवींत ठेवा.” दुसरी धाकाची. “आम्ही साध्या वेषांतले पोलीस आहोंत. पुढच्या चौकांत आतांच एका बाईला लुटलें. एवढें सोनें घालून कशाला निघालांत? काढा, आम्ही नीट बांधून देतों.” तिसरी दुपारच्या वेळीं थेट दारांत येते, भांडीं उजळून देण्याच्या निमित्तानें आरंभ होतो आणि शेवट बांगड्या-पाटल्यांवर होतो.

पहिल्या दोन्ही प्रकारांत पुढचा प्रयोग एकच. दागिने कागदाच्या पुडींत घालावयाचे, पुडी रुमालांत बांधावयाची आणि ती स्वतः त्या बाईच्याच पिशवींत ठेवावयाची. हा शेवटचा भाग फार धूर्तपणाचा आहे. कारण वस्तु आपल्याच पिशवींत गेलेली डोळ्यांनीं पाहिली, म्हणजे मनांतला उरलासुरला संशयहि मावळतो. परंतु मधल्या एका क्षणांत पुडी बदललेली असते. घरीं जाऊन गांठ सोडावी, तों आंत खडे निघतात, नाहींतर कांचेच्या बांगड्या. तिसऱ्या प्रकारांत मात्र रसायनशास्त्र उपयोगी पडतें. सोनें कोणत्याहि साध्या अम्लाला दाद देत नाहीं. पण नत्राम्ल आणि लवणाम्ल यांच्या मिश्रणांत, ज्याला आपल्याकडे अम्लराज म्हणतात, तें विरघळतें. बांगडी त्यांतून झळाळून बाहेर येते, परंतु वजनानें हलकी होऊन. उरलेलें सोनें त्या पाण्याबरोबर भामट्याच्या घरीं जातें. कधीं कधीं तर हळदीच्या पाण्याच्या डब्यांत दागिने घालून “पंधरा मिनिटें उघडूं नका” असें बजावण्यांत येतें. आणि डबा उघडण्यापूर्वींच आंतला माल आणि बाहेरचा माणूस दोन्ही गेलेले असतात.

अशी फसगत ऐकली कीं आपल्या घरांतून पहिला उद्गार निघतो, “एवढें कसें कळलें नाहीं?” या प्रश्नाचें उत्तर जरा शांतपणें शोधावयास हवें. एकोणिसाव्या शतकांत स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानें ठगांच्या टोळ्यांचीं जीं दफ्तरें तयार केलीं, त्यांत ठगांची रीत हीच सांगितली आहे: प्रवाशाशीं ओळख वाढवावयाची, पुढें चोरांचें भय आहे असें सांगून त्याला सोबत द्यावयाची आणि विश्वास पुरता बसला म्हणजे घात करावयाचा. १८३६ सालीं ठगांविरुद्ध सरकारला स्वतंत्र कायदा करावा लागला. त्या ठगांचें हत्यार रुमाल होतें. आजच्यांचेंहि रुमालच आहे. फरक इतकाच कीं तो गळ्याभोंवतीं न पडतां दागिन्यांभोंवतीं पडतो.

अधिकाराच्या सोंगापुढें तर शिकलेसवरले आणि व्यवहारांत मुरलेले लोकहि नमतात. १९ मार्च १९८७ रोजीं मुंबईंत ऑपेरा हाऊस येथील त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर केंद्रीय अन्वेषण खात्याची म्हणून जी धाड पडली, ती संपूर्ण बनावट होती. धाड घालणाराने वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन तरुण पदवीधर गोळा केले होते, आणि आपण खरेच सरकारी कामावर आहोंत अशीच त्या बिचाऱ्यांची समजूत होती. लाखों रुपयांचे दागिने घेऊन तो मुख्य इसम निघून गेला, तो पुढें सांपडला नाहीं. जेथें जन्मभर सोन्याची पारख केलेल्या पेढीवर हें घडलें, तेथें भर उन्हांत एकट्या उभ्या असलेल्या सत्तर वर्षांच्या बाईला बोल लावण्यांत काय अर्थ?

लोक म्हणतात, “तिच्यावर भूल टाकली.” वस्तुतः अशा ठिकाणीं कोणत्याहि चूर्णाची गरज पडत नाहीं. भय, घाई आणि साक्षीदार या तीन गोष्टी पुरतात. तोतया पोलीस आधीं एका वाटसरूला अडवितो. तो वाटसरू निमूटपणें आपली साखळी काढून पुडींत ठेवतो आणि साहेबांचे आभार मानून निघून जातो. तो त्याच टोळींतला असतो, हें पाहणारीला कसें कळावें? शिवाय ज्या पिढीला वर्दीचा मान राखावयास आणि परक्याशींहि सौजन्यानें बोलावयास शिकविलें, त्या पिढीचे हे सद्गुणच येथें भांडवल म्हणून वापरले जातात. फसणें हें येथें बहुधा मूर्खपणाचें लक्षण नसून चांगल्या वळणाचें असतें. मात्र औषध घातलेलें खाणें-पिणें देऊन लुटण्याचे प्रकार प्रवासांत घडतात. म्हणून अनोळखी माणसाच्या हातचा चहा किंवा प्रसाद नम्रपणें नाकारणें योग्य.

आतां उपाय. एकच नियम पक्का ध्यानांत ठेवला तर बाकीचे आपोआप पाळले जातील: रस्त्यावर कोणाच्याहि सांगण्यावरून अंगावरचा दागिना उतरावयाचा नाहीं. खरा पोलीस असें कधींहि सांगत नाहीं. त्याला दागिने बांधून देण्याचें काम कोणत्याच कायद्यानें दिलेलें नाहीं. आणि कायदेशीर झडती घ्यावयाची झाली, तरी स्त्रीची झडती स्त्रीनेंच घ्यावी असा नियम आहे. म्हणून कोणी दटावूं लागला तर वाद घालूं नये. “चला, चौकींत जाऊं, तेथें काढतें,” एवढें वाक्य मोठ्यानें म्हणावें आणि जवळच्या दुकानांत किंवा देवळाच्या गर्दींत शिरावें. खरा अधिकारी या वाक्यानें रागावणार नाहीं. खोटा मात्र तेथें थांबणार नाहीं. हें वाक्य घरीं दोनचार वेळां प्रत्यक्ष म्हणून पाहावें. ऐन वेळीं विचार सुचत नाहीं, संवयीचें बोलणें मात्र तोंडांतून निघतें.

दुचाकीवरून येऊन मंगळसूत्र हिसकावणाऱ्याची गोष्ट निराळी. तेथें दागिना घट्ट धरून ठेवण्याचा मोह टाळावा. त्या ओढाताणींत पडून उतारवयांत खुब्याचें हाड मोडलें, तर गेलेल्या सोन्यापेक्षां तें दुखणें कितीतरी महाग पडतें. सोनें पुन्हां करतां येईल.

तीच तोतयेगिरी आतां टेलिफोनवरूनहि चालते. “तुमच्या नांवावर गुन्हा नोंदला आहे, कॅमेऱ्यासमोरून उठूं नका,” असें धमकावून निवृत्तांची आयुष्यभराची पुंजी उकळली जाते. ‘डिजिटल अटक’ नांवाची कोणतीहि गोष्ट आपल्या कायद्यांत नाहीं. पंतप्रधानांनीं २७ ऑक्टोबर २०२४ रोजींच्या आपल्या नभोवाणीवरील भाषणांत हें स्पष्ट सांगितलें आहे. अशा वेळीं फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. जितकें लौकर कळवावें तितकी ते वाटेंत अडविले जाण्याची आशा अधिक.

दुर्दैवानें रस्त्यांत फसवणूक झालीच, तर ११२ वर फोन करावा आणि ठाण्यांत जाण्यास दुसऱ्या दिवसाची वाट पाहूं नये. आसपासच्या दुकानांतील कॅमेऱ्यांचें चित्रण कांहीं दिवसांनीं आपोआप पुसलें जातें. ती खड्यांची पुडी आणि तो रुमाल फेकूं नये, फारसा हाताळूंहि नये. तो पुरावा आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे अंमलांत आले. ज्या ४२० कलमानें आपल्या भाषेला एक शब्दच दिला, त्याची जागा आतां भारतीय न्याय संहितेच्या ३१८ व्या कलमानें घेतली असून फसवून माल उकळणाराला सात वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. सरकारी नोकर असल्याची बतावणी करणें आणि वस्तु हिसकावून नेणें हे अनुक्रमें २०४ आणि ३०४ या कलमांखालीं स्वतंत्र गुन्हे आहेत. गुन्हा कोणत्याहि हद्दींत घडलेला असो, फिर्याद कोणत्याहि ठाण्यांत नोंदवितां येते आणि तिची प्रत विनामूल्य मिळते. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: साठ वर्षांवरील पुरुषाला, किंवा कोणत्याहि वयाच्या स्त्रीला, साक्षीसाठीं ठाण्यांत येण्याची सक्ति करतां येत नाहीं, अधिकाऱ्यानें त्यांच्या घरीं जाऊन जबाब घ्यावा असा कायदा आहे. घरच्यांनीं दागिन्यांच्या पावत्या आणि छायाचित्रें जपून ठेविलीं, तर माल सांपडल्यावर तो आपला म्हणून ओळखविणें सोपें जातें.

परंतु या सर्वांहून महत्त्वाचें कर्तव्य घरच्या माणसांचें आहे. स्वस्त घरांसाठीं मुंबईहून या बाजूला आलेलीं कितीतरी कुटुंबें अशीं आहेत कीं मुलगा-सून सकाळच्या लोकलनें जातात तीं दिवे लागल्यावर परत येतात. मधल्या साऱ्या वेळांत वडील माणसें एकटीं. अशा स्थितींत दागिने गेले, तर त्या माणसाला सोन्याहून अधिक दुःख होतें तें स्वतःवरचा विश्वास उडाल्याचें. त्यांत सायंकाळीं घरच्यांनीं उलटतपासणी मांडली, म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळीं दिल्यासारखें होतें. परिणाम असा होतो कीं कित्येक वृद्ध असला प्रसंग लपवूनच ठेवतात. फिर्याद नोंदली जात नाहीं, आणि तेच भामटे पुढच्या गल्लींत दुसऱ्या कोणाच्या आईला ‘मावशी’ म्हणून हांक मारतात.

म्हणून ही बातमी कानीं येतांच पहिला प्रश्न दागिन्यांचा नसावा. “तुम्ही सुखरूप आहांत ना?” हाच असावा. दुसरें असें कीं “उद्यांपासून घराबाहेर पडूं नका,” ही आज्ञा कितीहि प्रेमानें दिली तरी ती शिक्षा आहे. आणि ती अपराध्याला न होतां निरपराध्याला होते. देवळाची वाट, तेथें भेटणाऱ्या चार मैत्रिणी आणि परततांना घेतलेली भाजी, हें सारें मिळून त्या वयाचें स्वातंत्र्य असतें. तें काढून घेण्यापेक्षां आळींतील दोघीतिघींनीं मिळून निघण्याचा पायंडा पाडावा. अंगावर मोठें सोनें नसावें. वाटेवरच्या फुलवाल्याशीं आणि किराणावाल्याशीं ओळख ठेवावी, म्हणजे प्रसंगीं कोणाच्या दुकानांत शिरावें हा प्रश्न पडत नाहीं. एकटेपणाचा भार वाटल्यास किंवा मदतीची माहिती हवी असल्यास वृद्धांसाठीं १४५६७ हा क्रमांक आहे; तो मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळ लावावा.

विश्वास पानिपतांत गेला, असें आपण थट्टेनें म्हणतों. पण विश्वासावांचून ना संसार चालतो, ना शेजार. आपल्या वडील माणसांना सर्व जगाचा संशय घ्यावयास शिकविण्याची गरज नाहीं. एक दागिना न उतरविण्याचा निश्चय आणि एक ठराविक वाक्य, एवढी शिदोरी त्यांच्याबरोबर असली, आणि संध्याकाळीं घरीं त्यांचें ऐकून घेणारें माणूस असलें, म्हणजे येत्या सोमवारींहि त्यांनीं त्या वीस पायऱ्या अवश्य उतराव्यात.