विश्लेषण : विमान जुने म्हणजे किती जुने? धातूचा ‘थकवा’ कसा ओळखतात?

अमेरिकेतील लुईव्हिल विमानतळावर ४ नोव्हेंबर २०२५ रोजी यूपीएस कंपनीचे मालवाहू ‘एमडी-११’ विमान उड्डाण घेत असतानाच त्याचे डावे इंजिन पंखापासून तुटले. विमानातील तिन्ही कर्मचारी आणि जमिनीवरील अनेक जण मृत्युमुखी पडले. इंजिन पंखाला धरून ठेवणाऱ्या जोडणीत धातूच्या थकव्यामुळे पडलेल्या भेगा तपासात आढळल्या. विमान १९९१ मध्ये तयार झालेले होते. त्यानंतर जुन्या विमानांच्या सुरक्षेची चर्चा पुन्हा सुरू झाली. याच थकव्याने मुंबईतही एकदा ९५ जणांचा बळी घेतला आहे.

मुंबईत काय घडले होते?

१२ ऑक्टोबर १९७६. इंडियन एअरलाइन्सचे ‘कॅराव्हेल’ जातीचे विमान मुंबईहून मद्रासला निघाले होते. उड्डाणानंतर लगेच एक इंजिन बिघडले. वैमानिकाने विमान परत वळवले, पण धावपट्टी गाठण्याआधीच ते कोसळले. विमानातील सर्व ९५ जण ठार झाले. मल्याळम अभिनेत्री राणी चंद्रा त्यांपैकी एक होत्या.

इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधील एका चकतीला थकव्याची भेग गेली होती. चकती फुटली, तिच्या तुकड्यांनी इंजिनाचे कवच फोडले आणि इंधनाच्या नळ्या तोडल्या. आग लागली. विमानाचे नियंत्रण ज्या हायड्रॉलिक द्रवावर चालते तो संपला आणि विमान वैमानिकाच्या हातात राहिले नाही.

या उड्डाणाचा क्रमांक १७१ होता. जून २०२५ मध्ये अहमदाबादला कोसळलेल्या एअर इंडियाच्या उड्डाणाचा क्रमांकही १७१ च होता. मात्र हा निव्वळ योगायोग आहे. अहमदाबादच्या प्राथमिक अहवालात दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा बंद झाल्याची नोंद आहे, धातूच्या थकव्याची नाही.

धातू थकतो म्हणजे नेमके काय होते?

लोखंडी तार एकदा वाकवली तर तुटत नाही. तीच तार त्याच जागी पंधरा-वीस वेळा मागेपुढे केली की तुटते. ओढून तोडायला जेवढा जोर लागला असता, त्याहून कितीतरी कमी जोरात हे काम होते.

जालन्याच्या स्टील कारखान्यांत सळईचा नमुना यंत्रात ओढून तिची ताकद मोजतात. ती एका दमात सोसलेल्या ताणाची परीक्षा असते. थकव्याची परीक्षा वेगळी. तिथे ताण कमी असतो, पण तो हजारो-लाखो वेळा येतो आणि जातो. रिव्हेटचे भोक, धारदार कोपरा, गंजाचा ठिपका किंवा साधा ओरखडा अशा जागी केसाएवढी भेग सुरू होते. ताणाच्या प्रत्येक फेरीत ती किंचित पुढे सरकते. उरलेला धातू भार पेलू शकेनासा झाला की तुकडा एका क्षणात पडतो. तुटलेल्या पृष्ठभागावर झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या रेषा दिसतात. तपास अधिकारी त्यावरून भेगेचा प्रवास वाचतात.

यात पोलाद आणि ॲल्युमिनियम यांत मोठा फरक आहे. ताण ठरावीक मर्यादेच्या खाली ठेवला तर साधे पोलाद जवळजवळ कायम टिकते. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. छोटा ताणही पुरेशा वेळा आला तर भेग पडू शकते आणि बहुतेक विमानांचे पंख व सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचा असतो.

पंखच का तुटतात?

जमिनीवर उभ्या विमानाचे पंख स्वतःच्या आणि इंधनाच्या वजनाने किंचित खाली झुकलेले असतात. हवेत तेच पंख विमानाचे सगळे वजन उचलतात आणि वर वाकतात. त्यामुळे पंखाचा खालचा पत्रा प्रत्येक उड्डाणात ताणला जातो. भेगांचा धोका तिथेच जास्त असतो.

जून २००२ मध्ये कॅलिफोर्नियात वणवा विझवणाऱ्या ‘सी-१३०ए’ विमानाचे दोन्ही पंख हवेत तुटले, तिघे मरण पावले. डिसेंबर २००५ मध्ये मायामीजवळ १९४७ साली बांधलेल्या ‘मॅलार्ड’ विमानाचा उजवा पंख निखळला, २० जण ठार झाले. या दुसऱ्या विमानाच्या पंखाची आधी डागडुजी झाली होती, पण मूळ भेग तशीच राहिली होती.

विमानाचे वय कसे मोजतात?

फक्त वर्षांत नाही. एक उड्डाण आणि एक लँडिंग मिळून एक ‘सायकल’ होते. दर उड्डाणात केबिनमध्ये हवेचा दाब भरतो आणि उतरतो, पंख वाकतात आणि पूर्ववत होतात. मुंबई-छत्रपती संभाजीनगरसारख्या छोट्या मार्गांवर रोज सहा फेऱ्या करणारे विमान वर्षात दोन हजारांहून अधिक सायकल पूर्ण करते. रोज एकच लांबचा प्रवास करणाऱ्या विमानाच्या बाबतीत तो आकडा ३६५ च्या पुढे जात नाही.

एप्रिल १९८८ मध्ये हवाईतील अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे छत २४ हजार फुटांवर उडाले. विमान १९ वर्षांचे होते, पण बेटाबेटांतल्या छोट्या फेऱ्यांमुळे त्याच्या ८९,६८० सायकल झाल्या होत्या. म्हणजे रोज सरासरी १३.

तपासणी कोण आणि कशी करते?

इंजिनाच्या चकत्यांसारखे भाग ठरावीक सायकल झाल्या की चांगले दिसत असले तरी बाद केले जातात. सांगाड्यासाठी ‘भेग पडणारच’ असे गृहीत धरून ती धोकादायक होण्याआधी सापडेल अशा अंतराने तपासणी ठरवतात. डोळ्यांना न दिसणारी भेग अल्ट्रासाउंड, एडी करंट किंवा एक्स-रेने शोधतात. ठरावीक वर्षांनी विमान जवळजवळ पूर्ण उघडले जाते. राज्यात नागपूरच्या मिहानमध्ये नागरी विमानांची देखभाल होते. नाशिकजवळ ओझरला लढाऊ विमानांची दुरुस्ती होते. नियमांवर देखरेख ‘डीजीसीए’ची असते.

मग प्रश्न कुठे आहे?

प्रश्न वेळापत्रकाचा आहे. लुईव्हिलच्या विमानाच्या सुमारे २१ हजार सायकल झाल्या होत्या. तुटलेल्या भागाची सविस्तर तपासणी २८ हजारांच्या पुढे व्हायची होती. कागदावर काहीही चुकले नव्हते. भेग मात्र वेळापत्रकाच्या आधी पोहोचली.

म्हणून ‘विमान किती वर्षांचे आहे’ हा प्रश्न अपुरा आहे. नीट तपासलेले २५ वर्षांचे विमान सुरक्षित असू शकते, तर छोट्या मार्गांवर राबवलेले दहा वर्षांचे विमान अधिक काळजी मागते. विमान कंपन्या आणि डीजीसीए यांना विचारायचा प्रश्न असा : किती सायकल झाल्या, कोणता भाग शेवटचा कधी उघडून पाहिला, आणि इतरत्र भेग सापडल्यावर आपल्याकडचे वेळापत्रक बदलले का? थकलेला धातू बहुतेक वेळा हजारो उड्डाणांची मुदत देतो. ती मुदत वाया जाऊ न देणे माणसांच्या हातात आहे.