जैन जेवण मिळालं, म्हणजे अहिंसा झाली?



गॅलापागोसहून परत आल्यापासून मंदिरात, भिशीत, लग्नाच्या पंगतीत भेटेल ती मला एकच विचारते, "तिथं जेवणाचं काय केलंत हो?" अडीचशे किलोपर्यंत वाढणाऱ्या कासवांबद्दल कुणी विचारलं नाही. समुद्रात बुडी मारून शेवाळ खाणाऱ्या घोरपडींबद्दल नाही. मीही आधी हौसेनं सांगायचे. बोटीवरच्या स्वयंपाक्यानं कांदा-लसूण-बटाटा वगळून कसं करून दिलं, सूर्यास्ताआधी ताट कसं पुढे यायचं. आता सांगायचा कंटाळा आलाय.

त्यातच गेल्या आठवड्यात श्राविका मंडळाच्या ग्रुपवर एका सहल कंपनीचं पत्रक आलं. पूर्ण बोट आपल्या समाजासाठी, आपला स्वयंपाकी, आपला शिधा, आणि वर मोठ्या अक्षरात 'अहिंसक निसर्गयात्रा'. एका वहिनींनी खाली लिहिलं, "प्राणी माणसाला घाबरत नाहीत म्हणे, समवसरणच जणू!" आमच्या वन्संनी तर पहिला हप्ता भरलासुद्धा. म्हणून हे लिहिते आहे. वन्संना राग येईल. येऊ दे.

आधी जागा सांगते. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोर देशापासून पश्चिमेला सुमारे हजार किलोमीटरवर ही ज्वालामुखीची बेटं आहेत. आपल्या सह्याद्रीचा काळा पत्थरही लाव्ह्याचाच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तिथल्या फर्नांडिना बेटावर २०२४ साली लाव्हा वाहिला. बेटांची ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यान आहे. सोळा प्रवाशांमागे एक परवानाधारक गाईड, आखलेली पायवाट सोडायची नाही, प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं, खाण्याचं काही बेटावर न्यायचं नाही. लेक-जावयानं हट्टानं नेलं, म्हणून मी सोळांतली एक.

माझी पहिली शिकवणी बेटावर पोचण्याआधीच झाली. ग्वायाकिलच्या विमानतळावर बेटांवर जाणारं सामान वेगळं तपासतात. माझ्या बॅगेत लाडू, भाजणी, मेतकूट, आणि पिशवीत बांधलेले अख्खे मूग, मेथीदाणे, मोहरी. तपासणाऱ्या मुलीनं लाडू, भाजणी, मेतकूट परत दिलं आणि मूग, मेथी, मोहरी काढून घेतली. मला भयंकर अपमान वाटला. अन्न आहे ते! मी मराठीत भांडले, लेकीनं स्पॅनिशमध्ये माफी मागितली. त्या मुलीनं शांतपणे एकच सांगितलं, "हे जिवंत आहे."

मैत्रिणींनो, विमानात बसल्यावर मला घाम फुटला. बीजात जीव असतो हे जगाला सांगणारे आपण! पाठशाळेत वनस्पतिकाय घोकलेली मी, आणि मुगाचा दाणा जिवंत आहे हे मला एका परक्या मुलीनं सांगावं लागलं. माझ्यासाठी तो शिधा होता. तिच्यासाठी तो एका नव्या बेटावर रुजू शकणारा, तिथल्या झाडाची जागा खाऊ शकणारा जीव होता. सांगा, दोघींत जास्त जैन कोण?

आता समवसरणाचं. प्राणी घाबरत नाहीत, हे खरं. सी-लायन धक्क्यावर आडवा पडलेला असतो आणि माणसं वळसा घालून जातात. पण एकमेकांना ते सोडत नाहीत. फ्रिगेट पक्षी दुसऱ्याच्या चोचीतला मासा हिसकावतो. नाझ्का बूबी नावाच्या पक्ष्याची दोन्ही पिल्लं जगली, तर थोरलं धाकट्याला घरट्याबाहेर ढकलतं आणि आई-बाप बघत बसतात. आम्ही एका किनाऱ्यावर सी-लायनचं एक पिल्लू पाहिलं. बरगड्या दिसत होत्या. ते प्रत्येक मादीकडे जायचं आणि प्रत्येक मादी हुसकायची. त्याची आई समुद्रातून परतली नव्हती. मी गाईडला म्हटलं, "काहीतरी करा." तो म्हणाला, "दोन मीटर." मी रडले. मनात त्याला निर्दय म्हटलं.

बोटीवर परतल्यावर रात्रभर विचार केला. मला त्या पिल्लाला उचलायचं होतं ते त्याच्यासाठी, की माझ्या जिवाची तगमग थांबावी म्हणून? उचलून काय पाजणार होते? दुसऱ्या दिवशी तर आम्ही पुढच्या बेटावर जाणार होतो. दुःख बघून हात पुढे येणं ही दया आहेच, ती मी नाकारत नाही. पण परिणाम न जाणता हात पुढे करणं हा प्रमाद आहे, आणि आपल्या शास्त्रात हिंसेचं मूळ प्रमादातच सांगितलं आहे.

प्रमाद काय करतो ते सांताक्रूझ बेटावर पाहिलं. तिथं काचेआड एक मेलेलं कासव जतन करून ठेवलं आहे, मान उंच ताणलेली. त्याचं नाव लोन्सम जॉर्ज, म्हणजे एकटा जॉर्ज. पिंटा बेटाच्या जातीचं हे शेवटचं कासव. १९७१ मध्ये सापडलं, २४ जून २०१२ रोजी गेलं, मागे वंश नाही. आधी व्हेलची शिकार करणाऱ्या जहाजांनी कासवं उचलून नेली, कारण ती अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने जिवंत राहत आणि ताजं मांस मिळे. मग १९५९ मध्ये मच्छीमारांनी पिंटावर तीन बकऱ्या सोडल्या. फक्त तीन. पुढेमागे मांसाची सोय होईल म्हणून. मी कॉमर्सची, चक्रवाढ व्याज मला कळतं. दीड दशकात त्या हजारोंनी झाल्या आणि कासवांचा चारा संपला.

पुढचं ऐकताना मी कान झाकून घेतले होते, तरी सांगते. १९९७ ते २००६ या काळात पिंटा, सांतियागो आणि इसाबेलाच्या उत्तर भागातल्या लाखाहून जास्त बकऱ्या मारल्या. हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून. शेवटच्या लपलेल्या सापडेनात, तेव्हा काही माद्यांच्या गळ्यात रेडिओपट्टा बांधून त्यांना मोकळं सोडलं. बकरी एकटी राहत नाही. ती आपला कळप शोधत जायची, मागून बंदूकवाले जायचे, कळप मारायचे आणि तिला पुन्हा सोडायचे, दुसरा कळप शोधायला. सोबतीची ओढ हेच तिचं हत्यार केलं. गाईड हे अभिमानानं सांगत होता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्या गोळ्यांचं समर्थन माझ्याकडून होणार नाही. कर्म बांधलं गेलं, त्याला सबब नाही. पण "पकडून पांजरपोळात नेल्या असत्या" असं सांगलीत पंख्याखाली बसून म्हणणाऱ्या बायकांनी तो कडेकपारीचा लाव्हा एकदा बघावा. आणि हेही बघावं की एस्पान्योला बेटावर चौदाच कासवं उरली होती. बकऱ्या गेल्यावर त्यांच्या संततीनं ते बेट पुन्हा भरलं. हा हिशेब सुटत नाही, कारण पहिली नोंदच चुकलेली आहे. पाप फक्त बंदूकवाल्याच्या खात्यावर घालून आपण मोकळे होतो. तीन बकऱ्या सोडून विसरून जाणाऱ्याचं नाव वहीत कुठे आहे? आणि माझ्या मुगाच्या पिशवीचं?

हे लांबचं नाही. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून आपला समाज रस्त्यावर उतरला. गॅलापागोसवरही माणसांनी आणलेली कबुतरं होती. २००० ते २००७ मध्ये तीही शेवटच्या पक्ष्यापर्यंत संपवली. दाणे टाकून संख्या आपण वाढवायची, आणि मग निस्तरायचं पाप दुसऱ्यानं करायचं, याला मी अभयदान म्हणणार नाही. रागवा.

आता त्या 'अहिंसक यात्रे'चा जमाखर्च मांडू. जमेला काय? माझं ताट शुद्ध राहिलं. आणि नावे? जाता-येता किती विमानं बदलली, बोटीचं इंजिन रात्र रात्र चालू, माझा एकेक टोमॅटो बाहेरून जहाजानं आणलेला. बेटांवर राहणारे तीस हजारांच्या आसपास, आणि २०२३ मध्ये आलेले पर्यटक तीन लाखांहून जास्त. प्रत्येकाच्या बुटाला माती, प्रत्येकाच्या बॅगेत काहीतरी. वन्सं म्हणतात, "अगं, आपल्याच पैशावर ते उद्यान चालतं." चालतं ना. ऑगस्ट २०२४ पासून परदेशी पाहुण्याला २०० डॉलर प्रवेशशुल्क आहे, आधी १०० होतं. पण ती आपल्या पावलांची भरपाई आहे. भरपाईला दान म्हणत नाहीत, हे बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला कळतं.

आपल्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. दहा दिशांना मर्यादा घालायची. त्यापलीकडे मी जाणार नाही, तिथल्या हिंसेत माझा वाटा असणार नाही. हे व्रत आपण पूजेत म्हणतो आणि पासपोर्ट काढताना विसरतो. चातुर्मासात मुनिराज विहार थांबवतात ते पायाखालच्या जिवांसाठी. आणि आपण कांदा वगळला की पृथ्वीप्रदक्षिणेला मोकळ्या!

"तू जाऊन आलीस, आता आम्हाला शिकवतेस?" हो. करून करून भागली आणि देवपूजेला लागली, असं म्हणा. खरंच आहे. पण बघून आलेलीनं गप्प बसणं जास्त वाईट.

ज्यांना जायचंच आहे त्यांनी जावं. फक्त तो खर्च भोगाच्या खात्यावर लिहावा, पुण्याच्या नाही. इथून शिधा नेऊ नये. तिथं फळं, भात मिळतो, आठ दिवसांत कुणी उपाशी मरत नाही. फर्नांडिनावर घोरपडी लाव्ह्याच्याच रंगाच्या असतात, एकेक पाऊल बघून टाकावं लागतं. ईर्यासमिती म्हणजे काय ते मला मंदिरात नाही, तिथं कळलं.

मी दिग्व्रत घेतलं आहे. पश्चिमेची माझी हद्द आता पश्चिम किनारा, बाकीच्या दिशांना देशाची सीमा. लेक फोनवर रुसली आहे. आता तिनं इकडं यायचं. आणि वन्संनी कालच विचारलं, "भरलेला हप्ता परत मिळेल का गं?" मी पत्रक पुन्हा वाचलं. मिळत नाही. त्यांना म्हटलं, तेवढं नुकसान सोसा. नावे बाजूला तेवढंच राहील.