‘पेशंट परत आला नाही’

डोळे पिवळे झाले की आपल्या वस्तीत आधी काविळीचं झाडपाल्याचं औषध सुरू होतं. सोनोग्राफीपर्यंत पोचायला आठवडे जातात. काही जणांची ती कावीळ पित्तनलिकेच्या कॅन्सरची निघते आणि तोवर आजार पुढे गेलेला असतो.

या कॅन्सरमध्ये ऑपरेशन आणि केमो हे एकाच उपचाराचे दोन भाग आहेत. गाठ काढता आली तरी आजार अनेकदा उलटतो, म्हणून ऑपरेशननंतर सहा महिने कॅपेसिटाबिनच्या गोळ्या देतात. ब्रिटनमधल्या 447 रुग्णांच्या बिलकॅप चाचणीनंतर (2019) ही पद्धत रुळली. गाठ काढण्याजोगी नसेल तर जेमसिटाबिन आणि सिस्प्लॅटिन देतात. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 410 रुग्णांच्या चाचणीत या जोडीमुळे मध्यक आयुष्य 8.1 महिन्यांवरून 11.7 महिन्यांवर गेलं. थोड्या रुग्णांत गाठ आकसते आणि ऑपरेशनची वाट पुन्हा उघडते.

कागदावर हे सोपं दिसतं. पण ही केमो दर 21 दिवसांत दोनदा घ्यावी लागते. जबलपूरची विडी वळणारी बाई किंवा ठेक्यावरचा सफाई कामगार त्यासाठी नागपूरला किती वेळा जाणार? आयुष्मान योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. बुडालेली मजुरी, सोबत्याची मजुरी आणि परगावचा मुक्काम मात्र ज्याचा त्यालाच सोसावा लागतो. पगारी रजा कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे या देशात बऱ्याच अंशी जातीनेच ठरवून ठेवलं आहे.

म्हणून उपचार मध्येच तुटतो. फाईलवर लिहिलं जातं, ‘पेशंट परत आला नाही’. या एका वाक्यात सगळा दोष रुग्णाच्या माथी येतो आणि व्यवस्था मोकळी होते.

ऑपरेशन मोठ्या केंद्रात व्हावं, हे बरोबरच आहे. पण पुढच्या गोळ्या, रक्ततपासण्या आणि सलाईनमधून दिली जाणारी केमो घराजवळ होऊ शकते. जबलपूरला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, राज्य कर्करोग संस्था आहे. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रं उभारण्याची घोषणा झाली आहे. नुसत्या खाटा टाकून भागणार नाही. सर्जनने आखलेली योजना त्या केंद्रापर्यंत पोचली पाहिजे आणि रुग्ण आला नाही तर फोन कोण करणार, हे ठरलेलं असलं पाहिजे.

आपण घरातले पहिले पदवीधर. रिपोर्ट वाचायला आपल्यालाच बोलावतात. तेव्हा डॉक्टरांना तीन प्रश्न विचारू या: ऑपरेशनचा निर्णय सर्जन आणि केमोच्या डॉक्टरांनी मिळून घेतला का? पुढची केमो आमच्या शहरात होईल का? ही सगळी योजना लिहून द्याल का? ‘तुम्हाला नाही कळणार’ असं उत्तर मिळालं, तर शांतपणे पुन्हा विचारू या.

आणि हे फक्त आपल्या आईसाठी नको. शेजारच्या घरातली फाईलही उघडून बघू या.