हौसेला मोल नसतं, पण गाडीला असतं!

होस्टेलमध्ये रात्री अकरानंतर दोनच विषयांवर मनापासून चर्चा होते. एक मेसची भाजी आणि दुसरा गाड्या. त्यातही कोणी 'आरएक्स हंड्रेड' म्हटलं की झोपलेला माणूसही उठून बसतो. गेल्या महिन्यात आमच्या रूमवर नेमकं हेच झालं. पार्टनर धावत आला, "पनवेलला एक आरएक्स मिळतेय. ९४ चं मॉडेल, ८५ हजार. आज टोकन दिलं नाही तर गेली!"

८५ हजार आणणार कुठून? काही इंटर्नशिपचे साठलेले होते. उरलेले, पुढच्या सेमच्या होस्टेल आणि मेससाठी घरून आलेले. "दोन महिन्यांत भरून काढतो रे," असं तो म्हणाला. मला ते पटलं नाही म्हणून हा लेख.

आधी मान्य करतो की मीही त्या आवाजाचा भक्त आहे. माझ्या बाबांकडे आरएक्स होती. २००४ साली त्यांनी ती सहा हजाराला देऊन टाकली, आणि घेणाऱ्यानेही तोंड वाकडं करूनच घेतली म्हणे. तेच लोखंड, तोच सायलेन्सर, आज लाखाच्या गोष्टी. याचा अर्थ वाढलेला भाव लोखंडात नाही, आपल्या डोक्यात आहे. अमेरिकेत पाँटियाक जीटीओसारख्या १९६४ च्या मसल कारचं जे झालं, तेच आपल्याकडे ९८ सीसीच्या गाडीचं झालं. त्यांच्याकडे व्ही-एट इंजिन, आपल्याकडे एकच सिलिंडर. पण वेड सारखंच!

वेड लागायला कारणही आहे. एस्कॉर्ट्स आणि यामाहाने ही गाडी १९८५ मध्ये आणली आणि प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर १९९६ मध्ये बंद केली. शंभरेक किलोच्या गाडीत ११ हॉर्सपॉवर. टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला पॉवर स्ट्रोक, त्यामुळे पिकअप असा की त्या काळच्या फोर-स्ट्रोक शंभर सीसी गाड्या मागे राहायच्या. आता नवीन बनत नाही, म्हणजे आहेत त्यातच वाटून घ्यायच्या. भाव चढणारच.

पण म्हणून कोणताही भाव योग्य होतो का? माझं म्हणणं असं, की जुन्या गाडीच्या किमतीचे तीन ढीग वेगळे करावेत. कागद, लोखंड आणि हौस. विकणारा ते कायम एकत्र करून सांगतो. मोजायचे आपण.

पहिला ढीग कागदाचा. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण. म्हणजे ९४ ची गाडी २००९ पासून या चक्रात आहे. मधली नूतनीकरणं झाली आहेत का? पर्यावरण कर भरलाय का? २० वर्षांवरच्या दुचाकीची नूतनीकरण फी २०२५ मध्ये २००० रुपये झाली, ती वेगळी. आरसीवर जुन्या फायनान्स कंपनीचा बोजा दिसत असेल तर तो उतरवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही, आणि ती कंपनी कधीच बंद पडलेली असू शकते! "विंटेजमध्ये टाकू," असं कोणी म्हणालं तर हसावं. २०२१ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. पहिली आरएक्ससुद्धा २०३५ शिवाय तिथे पोचत नाही.

दुसरा ढीग लोखंडाचा, म्हणजे आपलं खातं. बोअर ५० मिलीमीटर, स्ट्रोक ५० मिलीमीटर. गणित करा, ९८.२ सीसी येतात. ब्लॉक झिजला की बोअर मारून मोठा पिस्टन घालतात, पाव-पाव मिलीमीटरने वाढवत. बोअर ५१ झाला की आपण १०२ सीसीवर पोचलो आणि ब्लॉकचं आयुष्य संपत आलं. म्हणून "बोअर किती झालाय?" हा प्रश्न चकाचक टाकीपेक्षा महत्त्वाचा. गाडी थंड असताना किक मारायला सांगा. आधीच गरम करून ठेवली असेल तर का, ते विचारा. क्रँकचा खडखड आवाज ऐका. आणि इंजिन नंबर, चॅसी नंबर स्वतः बोटाने पुसून आरसीशी ताडून बघा.

आम्ही तेच केलं. आरएक्स हंड्रेडचा इंजिन नंबर '१एल१' ने सुरू होतो. आरसीवर तसाच होता, गाडीवर मात्र भलताच. टाकीवर आरएक्स हंड्रेडचा बिल्ला आणि खाली नंतर आलेल्या १३५ चं इंजिन! मालक शांतपणे म्हणाला, "त्यात काय? पॉवर जास्त, तुमचा फायदाच." पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल परवानगीने करून आरसीवर नोंदवावा लागतो. नोंद नाही म्हणजे नूतनीकरण अडलं, आणि उद्या अपघात झाला तर इन्शुरन्सवालाही बोट ठेवणार.

तिथेच कट्ट्यावर बसून हिशोब मांडला. ज्यांनी खरंच आरएक्स विकत घेतल्या अशा चौघांना आधीच विचारून ठेवलं होतं, कारण जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. सगळं जागेवर असलेली गाडी त्यांना साधारण ७५ हजारांना पडली होती. त्यातून तुर्भ्याच्या गॅरेजवाल्या मामांनी सांगितलेलं २२ हजारांचं काम वजा, कागदांचे ८ हजार वजा, मूळ इंजिन नाही म्हणून १० वजा. उरले ३५ हजार. पार्टनरने धीर करून ३५ सांगितले. मालकाने चहासुद्धा विचारला नाही!

आठवड्याभरात ती गाडी दुसऱ्याने उचलली, म्हणे ८० हजारांना. पार्टनर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग आमचं गणित चुकलं का? मला नाही वाटत. ८० हजार हा त्या माणसाचा भाव होता. त्यात त्याची हौस धरलेली होती, आणि ती त्याच्या खिशातली असेल तर माझी काहीच तक्रार नाही. तिसरा ढीग खोटा नसतोच. शेवटी बाबांची गाडी परत मिळाली तर मीही चार पैसे जास्त मोजीन. पण ते 'हौसेचे' म्हणून मोजीन, लोखंडाचे म्हणून नाही. आणि माझ्या कमाईतले मोजीन. हौसेचा ढीग घरून आलेल्या मेसच्या पैशातून भरायचा नसतो, एवढाच माझा मुद्दा आहे.

तेव्हा मित्रांनो, गाडी बघायला जाताना खिशात टोकनचे पैसे नेऊ नका. टॉर्च, फडकं आणि कागद-पेन न्या. आणि आपल्यापेक्षा कमी प्रेमात पडलेला एक मित्र बरोबर न्या. तो दोन दिवस शिव्या खाईल, पण पुढच्या सेमला मेसमध्ये तुमच्या शेजारीच जेवायला बसेल. आमचं तसंच चाललंय. भाजी मात्र अजून तीच आहे!